दलदलीतली पोफळ पुण्याच्या गच्चीवर

कोथरूडमधल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या जुलैत त्यांनी कोकणातून चार फुटी लिपस्टिक पाम नेला, सहा हजार मोजून. गणपतीपर्यंत झाड झकास होतं, एक नवं पानही उलगडलं. दिवाळीनंतर मात्र सगळं थांबलं. वरची सुरळी आहे तिथेच आहे, खालच्या पानांची टोकं करपली, आणि ज्या लाल रंगासाठी झाड घेतलं तो विटकरी दिसायला लागला. पाणी सोसायटीच्या बोअरचं. जवळच्या नर्सरीवाल्याने सांगितलं की मुळं कुजली असणार, कुंडी बदला, वाळू वाढवा, पाणी तोडा आणि मूठभर डीएपी टाका. झाडाला बाजूने दोन पिल्लं आली आहेत, ती आत्ताच वेगळी करावीत का, असंही त्यांनी विचारलं आहे.

ताई, त्या चारपैकी एकही गोष्ट आत्ता करू नका. पिल्लांना तर हातसुद्धा लावू नका. त्या नर्सरीवाल्याचा फार दोष नाही. शंभरातल्या नव्वद कुंडीतल्या झाडांना त्याचा सल्ला बरोबर लागू पडेल. तुमचं झाड उरलेल्या दहांतलं आहे.

हे झाड मुळात कुठलं, ते कळलं की पुढचं निम्मं उत्तर आपोआप मिळतं. दक्षिण थायलंड, मलेशियाचा द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओ इथल्या सखल दलदलीत ते वाढतं. शास्त्रीय नाव सिर्टोस्टॅकिस रेंडा, १८३८ साली ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेलं. त्याची भावंडं सगळी न्यू गिनीच्या बाजूला, हे एकटंच पश्चिमेकडे आलेलं. मलय लोक त्याला पिनांग राजा म्हणतात. पिनांग म्हणजे आपली पोफळ, पिनांग बेटाचं नावही त्यावरूनच पडलं. म्हणजे ही राजाची पोफळ, आणि ते नाव मला लिपस्टिकपेक्षा बरं वाटतं. आमच्या पोफळीला झावळीचा देठ बुंध्याला वेढून बसतो, ती हिरवी विरी तुम्ही पाहिली असेल. या झाडाची विरी, तिच्यावरचा देठ आणि पानाचा मधला दांडा, सगळं शेंदरासारखं लाल असतं.

ज्या दलदलीत ते वाढतं तिथली जमीन म्हणजे खरं तर जमीनच नव्हे. हजारो वर्षं पडलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा असतो तो, आणि त्यात वर्षभर पाणी. त्या पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा. चव घेतलीत तर आंबूस लागेल, कारण त्याचा सामू (पीएच) चारच्या आसपास असतो. क्षार जवळजवळ नाहीतच. हवा बाराही महिने दमट, आणि रात्रीसुद्धा पारा विशीच्या खाली क्वचितच जातो. तेलाच्या पामच्या लागवडीसाठी या दलदली चर खणून सुकवल्या गेल्या, त्यामुळे रानातलं हे झाड कमी होत चाललं आहे. बागांतून मात्र ते भरपूर दिसतं. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डन्सने तर ते आपल्या बोधचिन्हातच घेतलंय. तिथे राहणारे आपले लोक मला फोटो पाठवून विचारतात, इथे हे पार्किंगच्या कडेला लावलेलं असतं, मग तुम्ही त्याचं एवढं काय घेऊन बसता? त्यांना मी एवढंच सांगतो की मे महिन्यात एकदा ते पार्किंग पुण्याला आणून दाखवा.

आता तुमची गच्ची डोळ्यांपुढे आणा. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. या झाडाची वाढ पंधराच्या आसपासच थांबते. दहाखाली ते दुखावतं, पाचाच्या जवळ गेलं तर बहुधा मरतं. म्हणून दिवाळीनंतर सुरळी थांबली यात आश्चर्य काही नाही, ते थंडीने झोपलंय. आमच्या कोकणात, दापोलीतही थंडीत पारा दहापर्यंत येतो आणि तिथे लावलेली झाडं दर हिवाळ्यात अशीच रुसतात. सावंतवाडीकडे, गोव्यात, मुंबईत हा त्रास फारसा नाही.

थंडीने वाढ थांबते, पण टोकं करपतात ती थंडीने नव्हे. त्याचं कारण तुमच्या नळात आहे.

एक करून बघा. कुंडीच्या काठावर, मातीच्या रेषेच्या जरा वर, पांढरट कडा धरली असेल. नखाने खरवडली तर भुकटी निघेल. तिच्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. फसफसलं तर तो चुना. तुमचं बोअरचं पाणी रोज थोडा थोडा चुना आणि मीठ त्या कुंडीत सोडतंय. पाणी उडून जातं, क्षार तिथेच साचतात. जास्वंद हे खपवून घेते, जुनी कडुलिंबं-वडं तर ढुंकूनही बघत नाहीत. पण ज्या झाडाच्या कैक पिढ्या पावसाच्या पाण्यावर वाढल्या त्याच्या मुळांना हे म्हणजे रोज खारट आमटी पाजल्यासारखं आहे. मुळाला पाणी ओढता येत नाही आणि मग पानाचं सगळ्यात लांबचं टोक आधी सुकतं. दुसरीकडे चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, लोह असूनही झाडाला घेता येत नाही, आणि येणारं नवं पान फिकट पोपटी निघतं.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनाएवढं यंत्र ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतं. या झाडाला मी दोनशेच्या वरचं पाणी घालत नाही. पुण्यातल्या बोअरला सहाशे-आठशे सहज निघतं. खडकवासल्याहून येणारं महापालिकेचं पाणी त्या मानाने कितीतरी गोडं आहे, सोसायटीत ते पिण्यापुरतं येत असलं तरी यातलं दोन तांबे रोज या झाडाचे, असं ठरवून टाका. याहून चांगलं पाणी तुमच्या घरात फुकट पडत असतं. एसीच्या नळीतून बाहेर ठिबकतं ते. त्यात क्षार नसतातच म्हटलं तरी चालेल. उन्हाळ्यात एका एसीची रात्रीत अर्धी बादली सहज भरते, आणि नेमकी तेव्हाच झाडाला सगळ्यात जास्त गरज असते. पावसाळ्यात गच्चीवर एक पिंप भरून झाकून ठेवलंत तर ऑक्टोबर निघून जाईल. फक्त आरओच्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी घालू नका. वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ जण ते झाडांना घालतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात.

आता साचलेला क्षार आधी धुऊन काढायचा. एखाद्या उबदार दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, कुंडीच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट गोडं पाणी हळूहळू वरून ओता आणि खालून वाहून जाऊ द्या. तासाभराने पुन्हा एकदा. कुंडी बदलायला लागणार नाही. हिवाळ्यात मुळं उघडी पाडणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला आंघोळ घालणं.

मुळं कुजलीत की नाहीत, ते न उपटताही कळतं. मधली बंद सुरळी दोन बोटांत धरून अगदी हलके वर ओढा. घट्ट असेल तर वाढीचा डोळा शाबूत आहे. हातात आली आणि तळाशी मऊ, तपकिरी, कुबट वासाची निघाली तर मग मात्र प्रकरण गंभीर. त्या फुटव्याची आशा सोडायची आणि पिल्लांवर भिस्त ठेवायची. तुमच्या फोटोवरून मला सुरळी ताठ आणि कोरडी दिसते, म्हणून मी निश्चिंत आहे. आणखी एक करा. मार्कर पेनने सुरळीवर आणि शेजारच्या देठावर एकाच रेषेत बारीक खूण करा. वाढ सुरू झाली की सुरळीवरची खूण वर सरकते. रोज झाडाकडे बघून ‘काही होत नाही’ असं वाटण्यापेक्षा पंधरा दिवसांनी ती खूण बघितलेली बरी. माझ्याकडे सावंतवाडीजवळ, भर पावसात, एका खोडाला वर्षाकाठी पाच-सहा पानं येतात. तुमच्याकडे तीन आली तरी मी त्याला यश म्हणेन.

‘पाणी तोडा’ या सल्ल्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथेच लोक सर्वाधिक झाडं मारतात. कुंडीत पाणी साचू देऊ नका हे आपल्याला पाठ झालेलं असतं. मी स्वतः सुरुवातीची सात-आठ वर्षं या झाडाला चांगल्या निचऱ्याच्या मातीत ठेवलं आणि उन्हाळा आला की पानं गमावली. मग एकदा विहिरीच्या ओट्याशी, जिथे बादल्या उपसताना पाणी सांडून कायम चिखल असतो, तिथे जागा नव्हती म्हणून एक कुंडी नुसती टेकवून ठेवली. मे महिन्यात बाकीच्यांची पानं वाळत होती आणि हे एकटं लालबुंद उभं. कुंडी उचलायला गेलो तर उचलेना. भोकातून मुळं चिखलात उतरली होती, आणि वरच्या मातीतून बोटाएवढी टोकं डोकावत होती, आमच्या खाडीतल्या तिवरांची असतात तशी, हवा घेणारी. तेव्हापासून माझी सगळी लिपस्टिक पाम मी टबात ठेवतो. रुंद प्लास्टिकचा टब, त्यात चार बोटं पाणी, त्यात कुंडी. मार्च ते ऑक्टोबर हे पाणी आटू द्यायचं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र टब काढून ठेवायचा. थंड पाण्यात बसलेली मुळं खरंच कुजतात, तेवढ्यापुरता तुमचा नर्सरीवाला बरोबर आहे. या चार महिन्यांत माती ओलसर ठेवायची, चिंब नाही, आणि पाणी ऊन वर आल्यावरच घालायचं.

टबात पाणी म्हटलं की डास आलेच. चार-पाच गप्पी मासे सोडा, अळी शिल्लक राहत नाही. डेंग्यूच्या तपासणीला येणाऱ्या माणसाला ते मासे आधीच दाखवा, म्हणजे तो वाद घालत नाही.

साचलेलं पाणी एका अटीवर चालतं. कुंडीतलं मिश्रण हलकं आणि काडीकचऱ्याचं हवं. पुण्याची काळी माती यात चमचाभरसुद्धा नको. ती चुनखडीची, सामू आठच्या आसपास, आणि पाण्यात बसली की सिमेंट होते. मी दोन भाग कोकोपीट, एक भाग झाडाखालचा चांगला कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग जांभ्याची भरड खडी घेतो. आमच्याकडचा जांभा मुळातच आम्लधर्मी, म्हणून कोकणात हे झाड थेट जमिनीत सुखाने राहतं. पोफळीच्या बागेत, पाटाच्या कडेला लावलं तर मी वेगळं काही करतही नाही. तुम्हाला जांभा मिळाला नाही तर भरड वाळू घ्या, पण चाळलेली बारीक नको. कोकोपीटची वीट भिजवून तीनदा धुवा. त्यात मीठ असतं आणि पहिल्या पाण्याचा टीडीएस मोजलात तर दचकाल. हे सगळं करायचं ते मार्च संपताना, आत्ता नाही.

डीएपी तर अजिबात नको. त्यात स्फुरद (फॉस्फरस) भरमसाठ आहे. पामांना ते थोडंच लागतं, आणि जास्त झालं की लोह अडकून बसतं. पामांची खरी भूक पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियमची. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला पट्टा हिरवा असं दिसलं तर मॅग्नेशियम कमी. जुन्या पानांवर नारिंगी ठिपके येऊन टोकाकडून वाळत आलं तर पालाश कमी. नवं पान फिकट आणि शिरा हिरव्या, तर लोह. म्हणजे आधी कुठलं पान बिघडलंय ते बघायचं, जुनं की नवं, मग औषध. तुमचं जुन्या पानांचं फक्त टोक करपलंय, ठिपके नाहीत, म्हणून मी क्षाराकडे बोट दाखवलं. उन्हाळ्यात दोन महिन्यांतून एकदा मॅग्नेशियमसाठी लिटरभर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट, आणि स्फुरद कमी, पालाश जास्त असलेलं हळूहळू विरघळणारं दाणेदार खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं. शेणखत चालतं, पण मातीचा वास येईपर्यंत कुजलेलं.

अर्धी करपलेली पानं कुरूप दिसतात म्हणून कापू नका. पालाश कमी पडला की झाड तो जुन्या पानांतूनच ओढून नव्याला पुरवतं. तुम्ही ते पान कापलंत की झाड त्याच्या वरच्या पानाला हात घालतं. फार तर कात्रीने तपकिरी टोक तेवढं छाटा, हिरव्याला न लागता. पूर्ण वाळलेलं पान विरीसकट आपण होऊन सुटतं. ओढून काढलंत तर खालच्या खोडाला चीर पडते.

रंगाचं म्हणाल तर लाली उजेडावर अवलंबून असते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेलं झाड वर्षभरात मातकट होतं. सिंगापुरात किंवा गोव्यात ते भर उन्हात उभं राहतं कारण हवेत ओल असते. पुण्यात एप्रिलमधल्या दुपारची कोरडी हवा पानांतलं पाणी शोषून घेते. तुमच्या गच्चीवर पूर्वेचा कोपरा बघा. सकाळचं ऊन दहापर्यंत, पुढे पन्नास टक्क्यांची शेडनेट, आणि पश्चिमेच्या वाऱ्याला अडसर. मोठ्या पानांच्या चार कुंड्या भोवती दाटीने ठेवल्यात तर त्यांच्यामुळे आसपासची हवा जरा ओली राहते. ती युक्ती फवाऱ्यापेक्षा टिकाऊ. आणि फवारा मारायचाच तर बोअरच्या पाण्याने मारू नका, पानांवर पांढरे डाग पडतात ते मग निघत नाहीत.

किडींचं थोडक्यात. कोरड्या दिवसांत पानाच्या पाठीमागे लाल कोळी आणि देठाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण येतो. ओल्या फडक्याने पुसून काढा, उरला तर निंबोळी तेल, संध्याकाळी. कोकणात गेंडा भुंग्याची भीती असते. तुमच्या गच्चीवर ती जवळपास नाही.

आता पिल्लं. या बाबतीत मी एकदा चांगलाच पोळलोय. एका डिसेंबरात, लग्नसराईच्या आधी मंडपवाल्याला माल द्यायचा म्हणून, नऊ खोडांचा गड्डा कोयत्याने फोडून नऊ कुंड्या केल्या. फेब्रुवारीत नऊच्या नऊ गेल्या, आणि आईचा गड्डाही. चूक दोन ठिकाणी होती. एक तर थंडीत कापलं. दुसरं म्हणजे पिल्लांना स्वतःची मुळं आहेत की नाहीत हेच बघितलं नव्हतं. या झाडाचं पिल्लू वर्ष-दीड वर्ष आईच्याच मुळांवर जगतं. केळीच्या मुनव्यासारखं खणलं आणि लावलं, असं इथे होत नाही.

आता मी असं करतो. मार्चमध्ये पिल्लाच्या बुडाशी ओलं कोकोपीट आणि पालापाचोळा चार-पाच बोटं चढवतो आणि ते कधी सुकू देत नाही. पुढच्या जूनपर्यंत थांबतो, म्हणजे जवळजवळ सव्वा वर्ष. पहिला पाऊस बसला की बोटाने ते मिश्रण उकरून बघतो. पांढरी, पेन्सिलीएवढी जाड निदान तीन मुळं दिसली आणि वर तीन उघडी पानं असली तर बारीक दातांच्या करवतीने आईला जोडणारा भाग अर्धाच कापतो. पुन्हा झाकतो. गणपतीच्या सुमारास उरलेला अर्धा. असं दोन टप्प्यांत केलं की पिल्लाला आपली मुळं वाढवायला मुदत मिळते. मग लहान कुंडी, दाट सावली, वरून पारदर्शक पिशवीचं सैल टोपडं, आणि नवी सुरळी हलेपर्यंत खताचं नाव नाही. तुमची पिल्लं फोटोत वीतभर दिसतात, एकालाही तीन पानं नाहीत.

बियांपासून करावं का, असंही बरेच जण विचारतात. फळं बारीक, काळी, लाल दांड्यावर धरलेली, दिसायला फार देखणी. पण बी सुकलं की मरतं, त्यामुळे ऑनलाइन पाकिटातून येणाऱ्या बियांवर पैसे घालवू नका. ताजं बी गर काढून ओल्या उबेत ठेवलं तरी रुजायला दोन-तीन महिने, कधी जास्त. पुढे कमरेएवढं व्हायला माझ्याकडे पाच वर्षं लागली. लहान रोपं हिरवीच असतात, लाली दोन-तीन वर्षांनी चढते, आणि या काळात बाजारात काहीही खपवता येतं. मी सुरुवातीला परराज्यातल्या एका व्यापाऱ्याकडून लिपस्टिक पामची म्हणून पन्नास रोपं घेतली होती. तीन वर्षं मुलांसारखी वाढवली. पन्नासही साधे अरेका पाम निघाले, तेच ते मादागास्करचे, जे प्रत्येक लग्नाच्या स्टेजवर असतात. अजून आमच्या कुंपणाला आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती गोष्ट सांगतो. तुमचं झाड लाल देठासकट आलंय, तेव्हा तुम्ही फसलेल्या नाहीत. महाग पडलं का? चार फुटी, दोन पिल्लांसह, सहा हजार हा भाव मला वाजवी वाटतो.

तर या आठवड्यात कुंडी धुऊन काढा, बोअरचं पाणी बंद करा आणि सुरळीवर खूण करा. रात्री झाड भिंतीच्या आडोशाला सरकवता आलं तर उत्तम. फार थंडी असेल त्या रात्री जुनी चादर टाका, सकाळी काढा. फेब्रुवारी संपेपर्यंत खूण हलली नाही तरी घाबरू नका. होळीनंतरही हलली नाही तर सुरळीचा आणि कुंडीच्या काठाचा जवळून फोटो पाठवा, आणि सोबत पाण्याचा टीडीएस किती निघाला तेही लिहा.